अर्धा आटा

एकतीस वर्षं मी तासगावला पाणी सोडलं.
पालिकेच्या मस्टरवर व्हॉल्व्हमन,
गल्लीत चावीवाला.
पहाटे साडेचारला खांद्यावर टी-चावी,
लोखंडी झाकण उचलायचं,
झुरळं बाजूला होईस्तोवर थांबायचं,
मग आटे मोजायचे.
वरच्या गल्लीला अकरा. ढवळवेशीला साडेनऊ,
तिथला व्हॉल्व्ह पहिल्यापासून रुसका.

आता सून बेदाण्याच्या स्टोरेजचे हिशेब
घरच्या कम्प्युटरवर लिहिते,
कुणाच्या किती पेट्या, कुणाची किती उचल.
परवा म्हणाली, आप्पा, फायरवॉल बघायला पाहिजे.
पलीकडच्या स्टोरेजचा सगळा हिशेब
कुणीतरी लांबून कुलूप घालून ठेवलाय
आणि किल्लीचे पैसे मागतोय.
मी म्हटलं, आग लागली होती काय?
मृणाल हसली नाही.

खुर्ची ओढून बसलो.
पडद्यावर तीन ओळी. डोमेन, खाजगी, सार्वजनिक.
दोन हिरव्या. तिसरी लाल.
सार्वजनिक म्हणजे?
म्हणजे एसटी स्टँडवरचं फुकट वायफाय.
पण आपण तर घरात आहोत.
हो, पण ह्याला वाटतंय आपण स्टँडवर आहोत.
म्हणजे जी भिंत लागत होती, तीच पाडलेली.
कोणी?
प्रिंटर बसवायला आलेल्या पोरानं.
कागद निघेना म्हणून बंद केली,
कागद निघाला,
चहा पिऊन गेला.

मिरजेहून मुनीर शिकलगार आला, तिच्या वर्गातला.
आपला लॅपटॉप आमच्याच वायफायला जोडून
पासष्ट हजार दारं वाजवत बसला.
आधी बहुतेक दारं सांगत होती, बंद आहे.
चारशे पंचेचाळीस नंबरचं म्हणालं, या.
मग मृणालनं लाल ओळ हिरवी केली.
मुनीरनं परत वाजवली.
आता कुणीच बोलेना.
हे बरं, म्हणाला, बंद आहे म्हणणारा निदान घरात तरी असतो.

मग नियमांची यादी उघडली.
कुणाकुणाला आत सोडायचं त्याची. लांबलचक.
नातवाचा खेळ, जो त्यानं कधीच सोडला.
जुना प्रिंटर, जो भंगारात गेला.
एक नाव तर कुणालाच ओळखू येईना.
मृणाल म्हणाली, कमाल आहे,
काम संपलं आणि दार तसंच उघडं.
एकेकाची खूण काढत गेली.

मी गप्प बसलो होतो.

भागीरथी माळी. कोपऱ्यावरचं शेवटचं घर.
नवरा अंथरुणाला खिळलेला,
पाण्याच्या वेळेला ही शेडवर बेदाणा निवडायला.
हिची आणि पाण्याची गाठच पडायची नाही.
तिच्या लाइनचा व्हॉल्व्ह मी अर्धा आटा उघडा ठेवला.
संध्याकाळपर्यंत बारीक धार यायची.
वहीत लिहिलं नाही. साहेबाला सांगितलं नाही.
तिलाही नाही.
माझ्या जागी उमाकांत आला, त्यानं विचारलं,
हा पुरता बंद का होत नाही?
मी म्हटलं, झिजलाय.

आधी नवरा गेला, मग ती.
घराला कुलूप लागून सहा वर्षं झाली.

त्या रात्री झोप अशी लागलीच नाही.
साडेचारला कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो.
उमाकांत सायकलवरून उतरला, म्हणाला, आप्पा, तुम्ही?
मी त्याच्या खांद्यावरची चावी मागून घेतली.
झाकण उचललं. झुरळं तीच असावीत.
आटा फिरवला.
नव्यासारखा फिरला.

झिजलाय म्हणाला होतात, उमाकांत म्हणाला.
मी काही बोललो नाही.
कुलपाच्या आत कुठंतरी नळ ठिबकत होता,
जरा वेळानं थांबला.
उमाकांतनं खिशातून वही काढली,
कानावरचं पेन घेतलं,
अजून असे किती आहेत?
थांब, म्हटलं,
आठवू दे.