तिसरा आकडा

मेस्तियाच्या कचेरीत हीटर एकच, तो सर्व्हरपाशी.
मी कोट घालूनच टंकते:
मेकपॉइंट, कंस उघडा,
आधी रेखांश, स्वल्पविराम, मग अक्षांश.
जिभेची सवय उलटी. ती अक्षांश आधी म्हणते,
जसं आई-बाप म्हणतो, बाप-आई नाही.

काल घाईत जिभेचं ऐकलं.
एक्केचाळीस घरं.
दुसऱ्या कुठल्या देशात ती समुद्रात पडली असती,
निदान हसू तरी आलं असतं.
पण स्वानेतीत दोन्ही आकडे पाठोपाठचे भाऊ,
४३.०१ आणि ४२.९२.
अदलाबदल झाली, तर अख्खी वाडी
नुसती डोंगर ओलांडून पलीकडे जाऊन बसली,
आणि मशीन हूं की चूं करेना.

पकडलं ते बेखान पालियानींनी.
सहीला आले होते, चष्मा विसरून.
पडद्याला नाक लावून म्हणाले,
"पोरी, माझा गोठा बर्फावर कोणी नेला?"

पुन्हा टंकलं. बाहेरून सेट-एसआरआयडी,
चार-तीन-दोन-सहा.
हा नसला तर आकडे असतात, पृथ्वी नसते,
मी समजावलं.
त्यांनी मान डोलावली,
अशी माणसं पाहिल्यासारखी.

ठिपके घरी परतले.
बेखाननी बोट ठेवून मोजले,
मग खिशातून घडीचा कागद काढला.
"बेचाळिसावं. मुर्झाकानचं."

भाऊ. हिमलोटाने घरासकट नेलेला.
तिथे आता गवत कापतात.
यादी उभ्या घरांची होती, हे मला माहीत होतं.
पण बिंदूला लांबी लागत नाही, रुंदी लागत नाही,
छप्परही नाही.
टेबलाने मुकाट घेतला.
'स्थिती'चा रकाना मी रिकामा सोडला.
शून्य नव्हे. रिकामा.

"उंची?" मेकपॉइंट तिसरा आकडाही घेतो.
कागदावर दोन होत्या, पेन्सिलीने:
एक फेब्रुवारीची, त्याच तारखेची,
एक जूनची. फरक चार मीटर.
"मधलं बर्फ," ते म्हणाले.
"आम्ही वर उभे राहून हाका मारत होतो."

मी जूनची टंकली. कंस मिटला.

टोपी चढवताना त्यांनी ठिपक्याच्या डाव्या अंगाला नख टेकवलं:
"दार इकडून होतं. ओढ्याकडून."

बिंदूला दार नसतं.
मी म्हटलं, बरं. ओढ्याकडून.