एकोणिसावा

सकाळी साडेआठला व्होसच्या फलाटावर
मी माणसं मोजते.
अठरा.
टोप्या, कानपट्ट्या, फुगलेली जाकिटं;
कोण कोणाचं, ते दुपारपर्यंत कळत नाही.
अंधार अजून डोंगरावरून उतरायचा आहे
आणि मी पहिलं वाक्य बोलते :
घसरू नका, बाकी सगळं मी सांगेन.

बसमध्ये सांगते ते रोजचंच.
की गुडवांगनच्या दरीत हिवाळाभर
सूर्य पोचतच नाही.
कोणीतरी हळहळतं.
मी तिथेच वाढले, तेव्हा कोणी हळहळत नसे.
आम्ही फक्त पडदे विकत घेत नसू.

मग बोट. विजेवरची, मुकी.
पाणी इतकं काळं
की बर्फ त्यात पडताना बिचकतो.
कड्यांवर धबधबे जागीच थिजलेले,
बोलता बोलता कोणी उठून गेल्यासारखे.
लोक डेकवर जातात, फोटो काढतात,
बोटं बधिर झाली की कॉफीला परततात.

डावीकडच्या शेतावर एक दिवा
उघडमीट करतो.
योरुन सुकाणूवरून वळून म्हणते,
"गुरो, थांबावं लागेल. ओडमुंड आहे."
या दिव्यासाठी माझ्याकडे वाक्य नाही.

धक्क्यावर ऐंशी ओलांडलेला एक माणूस,
गालावरून लोकरीचा मफलर घेऊन
डोक्यावर गाठ मारलेली,
गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी उभी.
अठरा कॅमेरे एकदम वर.
हा इथला पारंपरिक पोशाख का?
मी म्हणते, "दाढ."

दातांचा डॉक्टर व्होसला, म्हणजे मागे.
पण बोट पुढे चालली होती,
आणि दाढ, तो म्हणाला,
वेळापत्रक बघत नाही.

फ्लॉमला हिरव्या गाडीत तो माझ्या शेजारी बसला.
गाडी चढू लागली. घरं काड्यापेट्यांएवढी झाली,
मग नुसते धूर.
बोगद्यात शिरताना मी माइक उचलला :
बहुतेक बोगदे हातांनी खोदलेले.
एका मीटरला एक महिना.

"माझ्या बापाचे अकरा मीटर,"
ओडमुंड मफलरातून म्हणाला.
आई सांगायची, पीठ दोनदा चाळायचं
तरी भाकरीत कचकच यायची.
त्याच्या बाह्यांतून, मिशीतून, भुवयांतून
डोंगर घरी यायचा.
रोज कोणाच्या तरी दाताखाली खडा,
आणि कोणी थुंकायचं नाही,
कारण त्या खड्याचेच पैसे मिळत.

काय म्हणाले ते, मागून विचारणा झाली.
माझ्या हातात माइक होता.
मी म्हणाले, "वळण आहे, धरून बसा."

धबधब्यापाशी गाडी थांबली.
सगळे उतरले, निळ्या गोठलेल्या भिंतीकडे पाठ करून
हसले.
झांझिबारची एक बाई मात्र उतरली नाही.
तिने पर्स उपसली : किल्ल्या, गोळ्या, लेकराचा एक मोजा,
आणि तळातून एक लवंग.
आपल्याच गालावर बोट ठेवून दाखवलं
कुठे, कशी दाबायची.
ओडमुंडने ती डोळ्यांशी धरली.
"ही तर आम्ही नाताळात संत्र्याला टोचतो."
हे मात्र मी भाषांतर करून सांगितलं.
ती इतकी हसली
की त्यालाही हसावं लागलं, आणि दुखलं.

म्यूर्दालला गाडी बदलायची.
तीन वाजलेत, उजेड शाईत बुडवलेला.
वाऱ्यात उभी राहून मी मोजते :
एकोणीस.
पुन्हा मोजते. एकोणीसच.
यादीत तसं लिहायला जागा नाही.

व्होसला तो निरोप न घेता उतरला,
सशाचे कान गर्दीत हलत गेले.
माझ्या बाहीला लवंगेचा वास.

आज पुन्हा अठरा.
डावीकडे दिवा नाही.
बोगद्यात मी माइक उचलते,
एका मीटरला एक महिना, म्हणते,
आणि जीभ आपोआप
मागच्या दाढेकडे जाते.