अखेर शिल्लक

दर महिन्याच्या पाच तारखेला फाट्यावरून फोन येतो,
"काकू, प्रफुल बोलतो. खोकं आलं तुमचं. आणू का?"
मी म्हणते, आण बाबा, गाडी लिंबाखाली लाव,
गोठ्याकडून येऊ नको, गोऱ्हा मारका आहे.

हेमराजनं पुण्यात बसून लावलेला रतीब हा.
एकदा लावला की लावला, म्हणतो, पैसेही आपोआप कटतात.
चार किलो कपड्यांची पावडर, बारा साबण, चहापत्ती
आणि पिवळंजर्द, लिंबाच्या वासाचं
फरशी पुसायचं औषध. दोन बाटल्या.

अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली मी.
पोरं अकरा असोत की एकतीस,
वरून पाकिटं यायची तेवढीच यायची.
सही करायच्या आधी मोजायची सवय हाताला आहे.
हेमराजच्या बारावीच्या वहीत मागची पानं कोरी होती,
तिथे रकाने आखले:
आरंभीची शिल्लक, आवक, वाटप, अखेर शिल्लक.

दोन लुगडी, एक चादर. किती मळवणार मी?
पावडर मडाव्यांच्या बाळंतिणीला गेली.
साबण सुगंधाला, तिनं पायलीभर तुरी दिल्या.
चहा माझा आणि प्रफुलचा,
तो बशीत ओतून पितो, तेवढ्यात दारव्ह्याची खबर मिळते.

पण औषधाचं काय करू?
माझी जमीन शेणानं सारवलेली.
ह्याच जमिनीवर रांगला तो.
ओल्या सारवणात टाच उमटवली म्हणून
मार खाल्ला, आणि रुसून गोठ्यात झोपला.
विसरला असेल?
की बाटलीआडून म्हणतो आहे, आई, आता टाइल लाव?
विचारलं नाही मी.
शाळेच्या संडासाला चार दिल्या, उपकेंद्राच्या सिस्टरला तीन.
नऊ महिन्यांत अठरा आल्या.
अखेर शिल्लक अकरा.

पौषात प्रफुलच म्हणाला,
"ठेवता काहून काकू? वगळून टाका."
माझ्याच मोबाईलवर आलेला मेसेज त्यानं उघडून दिला.
'वगळा' असं लिहिलेलं, निळ्या चौकटीत.
बोट पुसलं पदराला, आणि टेकवलं.

रात्री साडेदहाला फोन.
ह्या वेळेला पोराचा फोन म्हणजे पोटात गोळा.
तिकडे त्याचाही आवाज तसाच:
"आई, बरी आहेस ना? फरशीचं काहून बंद केलं?"
इतकी वर्षं पुण्यात, तरी 'काहून' शाबूत होतं.
"फरशी नाही ना रे," मी म्हटलं.

एवढा वेळ गप्प राहिला की वाटलं टॉवर गेला.
मग म्हणाला, "हो. नाहीच."
मग म्हणाला, "चुलीजवळचा कोपरा अजून पोपडे धरतो का गं?"
धरतो, म्हटलं.
पावणेबारा झाले. साबणाची गोष्ट निघालीच नाही.

माघातल्या पाच तारखेला खोकं हलकं लागलं.
औषध नव्हतं.
त्याच्या जागी, प्लॅस्टिकच्या फुगेवाल्या कागदात,
बारा गोवऱ्या.
साच्यातून काढल्यागत गोल, एकीला दुसरीचा चेहरा.
वर छापलेलं: शंभर टक्के शुद्ध. कोरड्या जागी ठेवा.

गोठ्यात माझ्या दोन गाई, एक गोऱ्हा,
गोवऱ्यांचा ढीग छातीएवढा.
प्रफुल लिंबाला धरून हसला.
सुगंधा आली, तिनं एक हुंगून पाहिली,
"वास नाही वो बाई इले," म्हणाली,
मग पदराच्या टोकानं पुसून
अलगद परत कागदात ठेवली.

त्या महिन्यात निळी चौकट उघडली नाही मी.
वही काढली, नवीन ओळ घातली: गोवऱ्या.
आरंभीची शिल्लक लिहिताना अडले,
गोठ्यातल्या धरायच्या की नाही?
ती जागा कोरी सोडली.
आवक बारा.
वाटप काही नाही.