आर्लिसची खूण

गाडीखाली शिरायचं तर आधी पुठ्ठा.
फ्रीजच्या खोक्याचा. जमीन अजून गोठलेली आहे,
पाठीला कळेल, व्हर्लन ह्रुस्का म्हणतो.
मार्च संपत आलाय म्हणे. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात, चॅड्रनला,
कॅलेंडरला कोण विचारतो.

आठवडाभर मला वाटत होतं
त्याच्या निळ्या पिकअपमध्ये चिमणी अडकलीय.
गल्लीतून हळू जाताना चिव चिव,
वेग घेतला की गप्प.
मी ब्रेडचा चुरासुद्धा ठेवला होता बॉनेटवर.
तो इतका हसला की खोकला आला.
चिमणी नव्हे गं, सांधा.
कोरडा पडलाय.

पुढच्या शाफ्टच्या वरच्या टोकाला
दोन फुल्या एकीला एक लागून,
प्रत्येकीच्या चार टोकांवर चार वाट्या,
आणि सगळ्यांच्या पोटात, मधोमध,
ज्वारीच्या दाण्याएवढं एक तोंड.
बाकीच्यांना वंगण घालणं सोपं. हे एक
उधारीवाला दिसल्यावर दडावं तसं दडलेलं.

व्हर्लनची बोटं आल्याच्या कुड्यांसारखी झालीत,
गाठी गाठी, कुठंच न वळणारी.
कुंपणावरून अंड्यांचा डबा देताना
त्यानं माझा हात पाहून ठेवला होता.
तुझा जाईल, म्हणाला.

जातो, पण अंगठा आत मुडपून, चारी बोटं जुळवून,
अहमदपूरची कासारीण सांगायची तसा.
‘सैल सोड गं पोरी, हाड नाही आडवं येत, भीती येते.’
इतक्या वर्षांनी ती कामाला आली
ती एका गिअरबॉक्सखाली.
बांगडी मात्र पोलादी, बर्फासारखी गार,
आणि मीच तिच्यात शिरतेय.

तो बाहेरून चाक फिरवतो,
एक चाक उचललेलं, खाली घोडी, बाकीच्यांना ओंडके.
थोडं पुढं. अजून. गेलं! मागं घे.
तोंड दिसतं न दिसतं तोच अंधारात.
मी शिवी दिली, हलकीच, मराठीत.
काय म्हणालीस?
वंगण, म्हटलं. वंगण.
वॅगन? वॅगनमध्ये आणखी वॅगन कशाला घालतेस?

मग हाताला चाळा म्हणून चिंधीनं शाफ्ट पुसला.
चिखल, रस्त्यावरचं मीठ, जुन्या तेलाची साय,
आणि त्याखाली लाल.
नखाएवढा ठिपका.
गंज नव्हे. गंज असा चमकत नाही.
बरोबर वर, फ्रेमच्या पट्टीवर, दुसरा.
नेलपॉलिश.

फिरव, म्हटलं, मी सांगेन तिथं थांब.
ठिपक्यासमोर ठिपका आला
आणि तोंड समोर,
कडी वाजवायच्या आधीच कुणी दार उघडावं तसं.

हे आधी कोण करायचं?
बराच वेळ मला फक्त त्याचे बूट दिसत राहिले.
आर्लिस.
तिचे हात बारीक होते.
मला वाटायचं, ती अंदाजानं करते.

सुईचं टोक टेकवलं. दाबलं.
आधी काळं, चहाच्या चोथ्यासारखं,
मग तपकिरी, मग कडेकडेनं
नवं, मोरपिशी.
एक गोळा गालावर पडला. पुसायला हात मोकळा नव्हता.

सांगावं की नाही, ठरेना.
शेवटी म्हटलं, टॉर्च घे, ये, इथं बघ.
वाकता येत नाही हे तोच रोज ऐकवतो मला.
तरी आला. वेळ लागला त्याला.
पुठ्ठ्यावर आम्ही दोघं उताणे, मध्ये शाफ्ट,
आणि तो बघतोय.
भाचीच्या लग्नाला घेतला होता तिनं हा रंग, म्हणाला.
महाग पडला म्हणून घरी येईपर्यंत कुरकुरत होती.

संध्याकाळी गाडी गल्लीतून गेली
ते मला कळलंच नाही.

मंगळवारी दारात उभा, मुठीत बाटली.
झाकण माझ्यानं निघत नाही, म्हणाला,
आणि त्या खुणा पुसट होतायत.
मी हलवून पाहिली.
आतली छोटी गोळी वाजली.