हलवाई पाद्री

मोडी वाचायचे मला पानामागे चाळीस रुपये मिळतात.
ही वही किरमिजी बासनात आली, कसरीनं अर्धी खाल्लेली:
रेव्हरंड ॲम्ब्रोज हॅलोवेल, सोलापूर छावणी.
गावाला हॅलोवेल म्हणता येईना,
गाव म्हणालं, हलवाई.
पोरं खंदकापर्यंत मागे लागायची, पेढा द्या.
त्यानं म्हणे एकदा खरंच दिला
आणि मग दर रविवारी द्यावाच लागला.

इंग्रजी दप्तरात त्याची सबंध नोकरी दीड पानात मावते.
पलटणीचा पाद्री. बायको दुसऱ्याच उन्हाळ्यात पुरली.
बढतीचे तीन अर्ज, तिन्ही नामंजूर.
पलटण हलली, आगगाडी आली, हा राहिला.
प्रवचनाला कधी अकरा माणसं,
कधी घंटा वाजवणारा नरसय्या गुंडेटी धरून चार.

मग शके सतराशे अठ्ठ्याण्णव.
रुपयाला ज्वारी किती शेर, हे समासात लिहिलंय,
आकडा रोज लहान.
होटगीच्या वाटेवर खडी फोडता फोडता माणसं बसत
आणि उठत नसत.
तो त्यांना दफनाच्या सरकारी रजिस्टरात घालू लागला.
मुंबईहून बिशपचं पत्र:
रजिस्टर बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे.

म्हणून ही वेगळी वही. म्हणून मोडी.
शिकवायला अंतोबा टाकळीकर पंतोजी, महिना दोन रुपये.

अक्षर कसलं, पाण्यात पडलेली मुंग्यांची रांग.
रेघ आधी ओढायची, अक्षरं मग लोंबवायची,
एवढं जमलं त्याला. लिंग जमलं नाही.
‘नागव्वा, हातावर गोंदण, मेला.’
‘म्हातारा, नाव सांगितले नाही, मेली.’
अंतोबानं तांबड्या शाईनं सुधारलंय, पानंच्या पानं.
तेराव्या पानापासून पाद्र्यानं सोपं केलं:
बाई, बाप्या, पोर, सगळ्यांपुढे एकच,
मेलें.
मेलें. मेलें.
कुठं होतं मेलं इतका वेळ, म्हणतो ना आपण,
लाडात की रागात ते कळू न देता, तसं.
तिथून पुढे तांबडी शाई कुठेच नाही.

धर्माचा रकाना आखलाय. कोरा.

शेवटच्या पानावर अक्षर बदलतं.
बोरूचं, ठसठशीत,
व्याकरणात जन्मात न चुकलेल्या माणसाचं:
‘पाद्री हलवाई. वय साठीचे आत. पटकी.
नरसय्याने पाणी पाजले. मेलें.’

खाली सही नाही.
पान अर्धंच भरलंय. पैसे अर्धे लावू की पुरे,
सकाळपासून ठरत नाही.