बडीशेपेखाली

बाबा नाणी एकेक करून उचलायचे.
बडीशेप फुंकून, दोन रुपयांचं नाणं
बाहीला पुसून, खिशात.
कुमठेकर रस्त्यावरचं ते डोशाचं हॉटेल,
आणि इरण्णा, हातात ओलं फडकं,
वर पंख्याकडे बघत उभा,
जणू पाती मोजायचं काम
त्याला आत्ताच कुणी सांगितलंय.

"पगार मालकानं द्यावा,"
पायऱ्या उतरताना बाबा म्हणायचे.
बँकेत युनियनचे होते ते,
बोनससाठी तीन दिवस फाटकाबाहेर बसलेले.
"बोनस हक्काचा. हे काय आहे?
उरलेलं."
इतकं बरोबर होतं ते
की मला उत्तर सुचायचं नाही.

मग मी रुमाल विसरायचे.
धावत आत जायचे,
पेल्याखाली खाऊचा रुपया सरकवायचे
आणि वर न बघता पळायचे.
एकदा इरण्णाच म्हणाला,
"ताई, आज तर रुमाल हातातच आहे."
त्यानंतर मी काही विसरले नाही.
लाज नक्की कुणाची वाटली होती,
अजून ठरत नाही.

रास्ता पेठेतल्या हॉस्पिटलात
बाबा एकोणीस दिवस होते.
दर दोन तासांनी कूस बदलायची,
पाठीला पावडर, चादर ताणायची.
बोलणं गेलेलं. वॉर्डातल्या मामांचा
हात धरून ठेवायचे नुसता.
भिंतीवर पाटी:
कर्मचाऱ्यांना बक्षीस देऊ नये.
बाबांना आवडली असती.
शुद्धलेखनसुद्धा बरोबर होतं.

विसाव्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन
खाली उतरताना
मी पाचशेची नोट चौघडी करून
मामांच्या मुठीत कोंबली,
चोरीचा माल द्यावा तशी.
त्यांनी ती तिथंच, जिन्यात, उलगडली.
"दोघं होतो आम्ही," म्हणाले.
"रात्री बळवंत असायचा."

मागत नव्हते. हिशेब दुरुस्त करत होते.
समोरच्या औषधाच्या दुकानातून
नोट मोडून आणली,
अडीचशे डाव्या खिशात,
अडीचशे उजव्या,
आणि उजवा खिसा वरून थोपटला.

दहा रुपयांवरून भांडणारे बाबा
हे बघून काय म्हणाले असते,
जिन्यात उभी राहून मी शोधत होते.
सापडलं नाही.

रात्री मी बाकावर झोपलेली असायचे.
बळवंतचा चेहरा
मी कधी पाहिलाच नाही.