कंटिन्युइटी

साडेनवाला शटर अर्धं खाली येतं.
निकुंभ सर गल्ला मोजतात, किल्ली वाल्मीककडे टाकतात,
त्यांची ॲक्टिव्हा अशोक स्तंभाकडे वळली की
आमचा पिक्चर सुरू.

बजेट सात हजार चारशे,
त्यातले दोन हजार मिसळीत गेले.
कॅमेरा म्हणजे अफरीनचा मोबाईल.
ट्रॉली म्हणजे स्टॉकची ढकलगाडी, तिचं एक चाक रडतं,
ते आवाजासकट ठेवलंय.

गोष्ट अशी काही नाही.
तीन जण शर्टांच्या घड्या घालतात.
गिऱ्हाईक येतं, उलगडतं, "अजून दाखवा" म्हणतं, जातं.
तीन जण पुन्हा घड्या घालतात.
वाल्मीक म्हणतो, हा विनोद आहे.
अफरीन म्हणते, हा पगार आहे.

हीरो मी.
अंगात निळा चौकडा, अकराशे नव्व्याण्णव,
टॅग कॉलरच्या आत, मानेला टोचत,
कारण सकाळी दहाला तो परत हँगरवर हवा.
घाम येऊ द्यायचा नाही,
दिग्दर्शकाची एवढीच सूचना.

शेवटचा सीन: बॅज काढून काउंटरवर ठेवायचा
आणि म्हणायचं, "उद्यापासून मी येत नाही."
नऊ रात्री झाल्या. एक टेक धड नाही.
कधी "उद्यापासून"वरच हसू फुटतं,
कधी आवाज सवयीनं गोड होतो,
एकदा तर निघून गेलं,
"उद्यापासून सेल आहे, ताई."

दहाव्या दुपारी सिन्नरच्या एका माणसानं
तोच शर्ट घेतला.
मीच दाखवला. मीच म्हणालो, "तुम्हालाच शोभतो."
बिल छापून बाहेर आलं तेव्हा उजेड पडला.

सीबीएसवर सापडला,
बाकावर, भेळभत्ता खात, शर्ट अंगावर,
जुना पिशवीत.
परत मागणार कुठल्या तोंडानं?
पाटी आमचीच: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

मग वाल्मीकनं त्यालाच वाक्य दिलं.
त्यानं पुडी खाली ठेवली, हात झटकले,
मोबाईलकडे नीट बघितलं,
"उद्यापासून मी येत नाही."
आणि आपणहून पुढे,
"शेडच बंद केलं ना त्यांनी. आज हिशेब दिला.
उद्या सातपूरला मुलाखत आहे, म्हणून हा."
कॉलर सारखी केली.
सिन्नरची गाडी लागली, तो पळाला.
कट म्हणायचं राहिलं,
अर्धा मिनिट नुसता बाक आणि पुडी आलेत.

तर आमच्या पिक्चरमध्ये शेवटी
हीरोचा चेहरा बदलतो, शर्ट तोच राहतो.
अफरीन म्हणते,
कुणाच्या लक्षात येणार नाही.